राक्षसभुवन पाहायचे असेल तर पावसाळा सरताना पाहा

#धागा

१/ राक्षसभुवनची लढाई आपल्यापैकी बहुतेकांना एका वाक्यात ठाऊक असते : १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांच्या पराक्रमाने निजामाचा पराभव झाला. वाक्य चुकीचे नाही; परंतु त्यात गोदावरीचे नावही नाही. नदी वगळून ही लढाई समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम भूगोल. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बहुतांशी गोदावरीनेच आखलेली आहे. पलीकडच्या काठावर छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी हे जिल्हे. अलीकडे गेवराई आणि माजलगाव हे तालुके. धुळे-सोलापूर महामार्ग शहागडजवळ पुलावरून नदी ओलांडतो आणि प्रवासी बीड जिल्ह्यात शिरतो. राक्षसभुवन हे याच गेवराई तालुक्यातले, दक्षिण काठावरचे गाव. भाविकांना ते शनिमंदिरासाठी परिचित आहे.

३/ आता काळ. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले आणि पेशवेपद कोवळ्या माधवरावांकडे आले. चुलते रघुनाथराव यांच्याशी बिनसले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे रघुनाथरावांनी निजामाच्या साह्याने पुतण्यावर मात केली. ज्याचे साह्य घेतले, तोच निजाम अली पुढच्या वर्षी पुण्यावर चालून आला. पुणे लुटले गेले, जाळले गेले. नागपूरकर जानोजी भोसले तेव्हा निजामाच्या पक्षात होते.

४/ चुलते-पुतणे पुन्हा एकत्र आले. निजामाशी समोरासमोर भिडण्याऐवजी त्यांनी त्याच्याच मुलखात शिरून लूट मांडली. दोन्ही सैन्ये एकमेकांचे प्रदेश उद्ध्वस्त करीत फिरत राहिली. तेवढ्यात पाऊस लागला, आणि येथून पुढे कथेची सूत्रे ऋतूच्या हाती गेली.

५/ ‘छावणी’ हा शब्द आज आपण कोणत्याही लष्करी तळासाठी वापरतो. त्या काळी त्याचा एक नेमका अर्थ होता : पावसाळ्याचे चार महिने फौजेने एका जागी काढणे. नद्यांचे उतार बंद होत, काळ्या जमिनीत तोफांचे गाडे आसापर्यंत रुतत, जनावरांचे हाल होत. म्हणून मोहिमा थांबत. दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि फौजा पुन्हा बाहेर पडत. आज आपण आपट्याची पाने वाटतो. तेव्हा तो दिवस नद्या ओसरल्याची आणि वाटा मोकळ्या झाल्याची खूण होता.

६/ ही केवळ समजूत नव्हे; तारखाच पाहा. निजामाशी झालेल्या मोठ्या लढायांपैकी पालखेड फेब्रुवारी १७२८ मध्ये, उदगीर फेब्रुवारी १७६० मध्ये, खर्डा मार्च १७९५ मध्ये. सगळ्या कोरड्या ऋतूतल्या. राक्षसभुवन मात्र ऑगस्टमधले, नुकत्याच लागलेल्या श्रावणातले. या रांगेत ही एकच तारीख वेगळी का, हा प्रश्न आपण फारसा विचारतच नाही.

७/ उत्तर असे. निजाम अली छावणीसाठी औरंगाबादेकडे निघाला होता. औरंगाबाद गोदावरीच्या उत्तरेस; म्हणजे नदी ओलांडणे आले. फौजेचा एक भाग घेऊन तो पलीकडे गेला. उरलेली फौज, सामानसुमान आणि बुणगे यांच्यासह दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण काठावर मागे राहिला. नदीला पाणी होते. सगळ्यांना एकदम उतरून जाणे शक्य नव्हते. दरम्यान जानोजींनी पक्ष बदलला होता आणि निजामाच्या हालचाली पेशव्यांना कळत होत्या.

८/ मराठे नेमके त्या वेळी येऊन आदळले. लढाई सोपी नव्हती. रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले आणि माधवरावांनी धावून जाऊन त्यांची सुटका केली. ज्या चुलत्याने आळेगावला आपल्याला नमवले, त्याच्यासाठी पुतण्याने जीव धोक्यात घातला. विठ्ठल सुंदर रणात पडला. पलीकडच्या काठावर निजाम होता. परंतु भरल्या नदीमुळे त्याला मदतीस येता आले नाही. पुढे सप्टेंबरमध्ये औरंगाबादेस तह झाला आणि निजामाला मोठा मुलूख सोडावा लागला.

९/ यावर एक आक्षेप येईल : ‘म्हणजे विजय पराक्रमाचा नव्हे, पुराचा?’ मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पूर दोघांनाही सारखाच होता. ज्या ऋतूत फौजा विसावतात, त्या ऋतूत चिखल तुडवीत पाठलाग चालू ठेवणे, आणि शत्रू नदीमुळे दुभंगेल तो क्षण हेरणे, यात बुद्धी आणि धैर्य दोन्ही आहेत. नदी कथेत आणली की माधवराव लहान होत नाहीत. त्यांचे साहस किती मोठे होते, हे तेव्हाच कळते.

१०/ हा धडा पुढे परक्यांनीही गिरवला. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतले, भरपावसाळ्यात गोदावरी ओलांडली आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांना गाठले. नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळाचा वेग मंदावतो, आपल्याजवळ मात्र नावांची सोय हवी, असा त्याचा हिशेब होता. चाळीस वर्षांपूर्वी ज्या ऋतूने मराठ्यांना साथ दिली, तोच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

११/ म्हणूनच आग्रह : राक्षसभुवनला एप्रिलमध्ये जाऊ नका. वाळूचे पात्र आणि मधोमध एक ओघळ पाहून प्रत्येकाला वाटते, ‘एवढीशी नदी! निजाम परत का आला नाही?’ भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनात जा. काठावरची काळी माती तेव्हा पायाला धरते, कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, पाणी गढूळ आणि रुंद असते. जवळच पांचाळेश्वर येथे महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ नदीच्या पात्रातच आहे. पूर आला की ते पाण्याने वेढले जाते. पात्राची खरी रुंदी तेथे कळते.

१२/ श्रावणातली लढाई, मग पावसाळा सरताना का जायचे? कारण नदी आता पूर्वीची राहिलेली नाही. वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडी धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. श्रावणात नाथसागर बहुधा भरत असतो; तो भरला की मगच दारे उघडतात. त्यामुळे १७६३ च्या श्रावणातील गोदावरीशी मिळतेजुळते रूप आज पाहायचे, तर अनेकदा पावसाळ्याच्या शेवटापर्यंत थांबावे लागते.

१३/ मात्र पूर हा देखावा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या अतिवृष्टीने आणि नद्यांच्या पुराने उभी पिके गेली, जमिनी खरवडल्या गेल्या. विसर्ग चालू असताना काठावर गर्दी करणे, पात्रात उतरून चित्रफिती काढणे हे इतिहासप्रेम नव्हे. पाणी ओसरू लागल्यावर जा, गावकऱ्यांना विचारून जा, आणि दुरून पाहा.

१४/ आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे, बीडमधून आजही एक सीमोल्लंघन होते. उचल घेतलेली हजारो कुटुंबे कोयते, भांडी आणि लेकरे घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. पावसाळा संपला की घर सोडायचे, हा फौजांचा जुना क्रम आता मजुरांच्या वाट्याला आला आहे. फौजांच्या हालचालींच्या नोंदी आपण जपून ठेवल्या. या कुटुंबांच्या प्रवासाचा इतिहास अजून पुरता लिहायचा आहे.

१५/ माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. सन आणि वीरांची नावे पाठ करणे ही इतिहासाची पहिली पायरी. कोणतीही लढाई वाचताना पुढचे तीन प्रश्न विचारा : महिना कोणता होता? वाटेत नदी कोणती होती? तिला उतार होता का? उत्तरांसाठी पंचांग, नकाशा आणि एक फेरी पुरते. राक्षसभुवनपासून सुरुवात करा.

१६/ तुमच्या गावाजवळच्या एखाद्या लढाईचे असे ऋतुमान तपासले असेल, तर खाली अवश्य लिहा. महिना आणि नदी, दोन्ही नोंदवा. धागा समाप्त.