पुराणात चारोआइट नाही

माझ्या भाचीला एका दुकानात जांभळ्या मण्यांची माळ 'चारोआइट' म्हणून विकली. वर दुकानदाराने सांगितलं, "ताई, पुराणात याचं वर्णन आहे, शनीला चालतो." हे धादांत खोटं आहे. चारोआइट हे स्वतंत्र खनिज असल्याची नोंद झाली १९७८ साली, वेरा रोगोवा आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. अख्ख्या जगात तो एकाच ठिकाणी सापडतो, सायबेरियातल्या मुरुन डोंगराळ भागात, चारा नदीच्या परिसरात. आपल्या पुराणकारांच्या हाती तो लागलाच कधी?

मणी मी दहापट भिंगाखाली धरले. रंग भेगांत साचलेला. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला, तो जांभळा झाला. आम्लाचा थेंब टाकताच मणी फसफसला. रंगवलेला संगमरवर!

खऱ्या चारोआइटचे तंतू एकमेकांत गुंततात, पीळ घेतात, भोवऱ्यासारखे फिरतात. दिव्याखाली तो कलता केला की पैठणीचा धूपछाव पदर हलवावा तशी रेशमी झळाळी त्यांवरून सरकते. मधे एजिरीन या खनिजाच्या काळ्या रेघा, टिनाक्साइट या खनिजाचे नारिंगी डाग. हे एकदा पाहिलेल्या माणसाला संगमरवर देऊन फसवता येत नाही. म्हणूनच गिऱ्हाइकाला भिंग दाखवत नाहीत, ग्रह दाखवतात.

आणि अपवर्तनांक मोजणाऱ्या यंत्रावरच्या आकड्यालाही भुलू नका. चारोआइटचा अपवर्तनांक साधारण १.५५, ॲमेथिस्ट या दुसऱ्या जांभळ्या खड्याचाही जवळपास तेवढाच. विशिष्ट घनताही दोघांची जवळजवळ सारखी. फरक काठिण्यात आहे, ॲमेथिस्ट ७, चारोआइट ५ ते ६, आणि त्याहून मोठा फरक त्या तंतूंत. सुगिलाइट हा आणखी एक जांभळा खडा मात्र १.६१च्या आसपास दाखवतो, तो लगेच वेगळा निघतो. नुसता '१.५५' छापून हातात तपासणीचं कार्ड देणारा माणूस काहीही सिद्ध करत नाही.

भाचीच्या कार्डावर तर तेवढंही नव्हतं. 'नैसर्गिक खडा', एवढंच. संगमरवरही नैसर्गिकच! माळ घेऊन मी दुकानात गेले, भिंग पुढे केलं. दुकानदाराने ते हातात घेतलं नाही. "कार्डावर चारोआइट कुठे लिहिलंय?" म्हणाला.

तोंडाने चारोआइट विकायचा आणि कागदावर नाव टाळायचं, ही लबाडी ठरवून केलेली आहे. बिलावर खनिजाचं नाव लिहून घ्या, खाली रंग चढवला आहे की नाही तेही. दुकानदार लिहून द्यायला नाही म्हणाला, तर पाकीट उघडू नका.