अनिवासींचे शुल्क आणि विसरलेली अट

लखनौच्या इंदिरा नगरात बदलीने आलेला मराठी अधिकारी आणि दुबईत नोकरी करणारा त्याचा भाऊ, दोघांचे नागरिकत्व एकच. मात्र खासगी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या मुलांसाठी शुल्काचे दर वेगळे असू शकतात. या भेदाला आधार मिळाला तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय घटनापीठाने कमाल १५ टक्के जागा अनिवासींसाठी ठेवण्याची मुभा दिली. पण लाभार्थी खरा अनिवासी असावा आणि तो पैसा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या शुल्कसवलतीसाठी वापरावा, असे बजावूनच. पंजाब सरकारने अनिवासींची व्याख्या दूरच्या नातलगांपर्यंत ताणली, तेव्हा २०२४ मध्ये न्यायालयाने ही फसवणूक असल्याचे सुनावले. पहिली अट अशी राखली गेली. दुसरीचे काय?

परदेशवास म्हणजे श्रीमंती नव्हे, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणूनच एनआयटीत आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी निवासींइतक्याच शिक्षणशुल्काची सवलत आहे. मग खासगी संस्थांच्या चढ्या दराचे समर्थन एकच उरते: त्यातून गरीब विद्यार्थी शिकावा. तो किती शिकला, याचा संस्थावार हिशेब संसदेने मागितला पाहिजे. हिशेब नसेल, तर ते शुल्क नव्हे, निव्वळ जागेची किंमत ठरते.