पीटीचा तास गणिताला दिला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो

जूनमध्ये मुलीच्या शाळेत दहावीच्या पालकांची सभा झाली. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक समजावून सांगितलं. आठवड्याचे दोन पीटीचे तास यंदा गणित आणि विज्ञानाला देतोय, बोर्डाचं वर्ष आहे, पालकांचं सहकार्य हवं, असं म्हणाले. मान्य असेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले. माझाही गेला.

वीस वर्षं पत्रकारिता करतोय. नगरपालिकेत एखादा ठराव चर्चेविना मंजूर झाला की मी त्याची चौकट करून बातमी लावतो. इथे माझ्याच लेकीचा तास चर्चेविना गेला आणि मी चहा-बिस्किट घेऊन घरी आलो.

रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आठवड्यात तेवढाच वेळ डोकं मोकळं व्हायचं." मी म्हटलं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे. सगळे बाप म्हणतात तेच.

पुढे एका पुरवणीसाठी मुलांच्या आरोग्यावर लिहायचं होतं म्हणून वाचायला बसलो आणि स्वीडनमधला एक अभ्यास हाती लागला. तो वाचल्यापासून त्या वर केलेल्या हाताची लाज वाटतेय, म्हणून ही पोस्ट. लांबलीय, सांभाळून घ्या.

स्वीडनमध्ये पूर्वी मुलगा अठराचा झाला की सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्याची तपासणी व्हायची. सायकलवर बसवून दम किती टिकतो ते मोजायचे, स्नायूंची ताकद मोजायचे आणि बुद्धिमापनाची चाचणीही घ्यायचे. सगळं सरकारी दप्तरात नीट नोंदलेलं. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून जास्त मुलांच्या या नोंदी गोथेनबर्गच्या संशोधकांनी एकत्र करून तपासल्या. २००९ साली ते निष्कर्ष छापून आले. ज्या मुलांचा दमसास चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुणही सरासरीने चांगले. आणि गंमत म्हणजे स्नायूंच्या ताकदीचा असा संबंध दिसला नाही. दंडाच्या बेटकुळ्यांचा नाही, छातीच्या भात्याचा संबंध.

तुम्ही म्हणाल, चांगल्या घरातली मुलं दोन्हीकडे पुढे असणारच. संशोधकांनाही ती शंका होतीच. म्हणून त्यांनी सख्खे भाऊ आणि जुळे भाऊ वेगळे काढून पाहिले. दमसास आणि बुद्धी यांच्या या नात्यात आनुवंशिकतेचा वाटा १५ टक्क्यांहून कमी निघाला. ८० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा ज्याच्या त्याच्या वेगळ्या राहणीचा, म्हणजे एकाच घरात वाढूनही दोन भावांच्या आयुष्यात जे वेगळं घडतं त्याचा.

त्यातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. १५ ते १८ या वयात ज्याचा दमसास वाढला की घटला, त्यावरून अठराव्या वर्षीच्या बुद्धिचाचणीतल्या कामगिरीचा अंदाज येत होता.

आता ही १५ ते १८ आपल्या कॅलेंडरवर मांडून बघा. दहावी, अकरावी, बारावी. नेमकी हीच तीन वर्षं आपण पोराला खुर्चीला बांधतो. शाळा, मग क्लास, मग टेस्ट सिरीज. ज्यांना परवडतं ते लातूरला, कोट्याला पाठवतात, तिथे हॉस्टेल ते क्लास एवढंच चालणं. आपल्याला वाटतं आपण मेंदूसाठी शरीराचा थोडा त्याग करतोय. पण मेंदू काय वेगळ्या मीटरवर चालतो का? तोही त्याच रक्तावर, त्याच प्राणवायूवर चालतो. नियमित दम लागेल अशी हालचाल झाली की मेंदूतल्या पेशींना वाढायला आणि टिकायला मदत करणारी प्रथिनं वाढतात, असं दिसलंय. मुलांवरच्या प्रयोगांत फायदा दिसतो तो मुख्यतः लक्ष टिकवणं, मोह आवरणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं अशा गोष्टींत. म्हणजे पेपरात अवघड प्रश्न सोडून पुढच्याकडे जायला जे लागतं, ते.

इथे जरा हात आखडता घेतो. कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेजही मी पाहिलेत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं उदाहरण तुम्हीही वाचलं असेल. तिथल्या शाळेत मुलांना सकाळी आधी पळवतात आणि तिथली मुलं १९९९च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विज्ञानात जगात पहिली आली. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण नेपरव्हिल हे चांगलं सुखवस्तू उपनगर आहे, हे त्या मेसेजमध्ये नसतं. तिथली मुलं न पळताही पुढेच असती कदाचित. स्वीडनच्या अभ्यासातही शेवटी दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच दिसतं. एकीमुळेच दुसरी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये तर 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये एक मोठा आढावा आला. व्यायामाने बुद्धी वाढते असं म्हणणाऱ्या प्रयोगांतल्या त्रुटी वजा केल्या तर उरणारा परिणाम फारच छोटा आहे, असं त्यांनी बजावलं. तेव्हा 'पळा आणि नव्वद टक्के मिळवा' असं मी लिहिणार नाही. कुणी क्लासवाल्याने उद्या तशी जाहिरात काढली तर त्यालाही विचारा, पुरावा दाखव.

पण मग पुरावा दोघांनाही मागितला पाहिजे ना? पीटीचा तास काढून गणिताला दिला की गणिताचे मार्क वाढतात, हे कुणी दाखवलंय? आपण ते गृहीत धरलंय, बस. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर नावाचं शहर आहे. तिथे १९७०च्या दशकात प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. काही मुलांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं आणि तो वेळ इतर विषयांतून कापला. काही वर्षं हे चाललं. आपल्या हिशोबाने ती मुलं मागे पडायला हवी होती. नाही पडली. उलट त्यांची प्रगती किंचित बरीच निघाली. तिथली मुलं लहान होती, मान्य. पण 'तास गेला की मार्क गेले' हा आपला धाक तिथे तरी खोटा ठरला.

म्हणजे अगदी कंजूष हिशोब केला तरी मैदानाच्या तासाने मार्क बुडत नाहीत. आणि उदार हिशोब केला तर फायदाच आहे. मग आपण तो तास नेमका कशासाठी दिला?

बरं, शाळेची बाजूही सांगितली पाहिजे. जो तास आपण दिला, तो तास तरी खरा होता का? लेकीला विचारलं, पीटीत काय करायचात. रांगेत उभं राहायचं, सावधान-विश्राम, पंधरा ऑगस्ट जवळ आला की संचलन. एरवी कबड्डीच्या संघातली मुलं खेळायची आणि बाकीचे पायरीवर बसून बघायचे. मुली तर बहुतेक पायरीवरच. तरी तिचं डोकं मोकळं व्हायचं म्हणे, म्हणजे वर्गात काय होत असेल याचा विचार करा.

आपण खेळ म्हणजे पदक समजतो. स्पर्धेत चमकणाऱ्याला बोर्डात सवलतीचे गुण मिळतात, त्याचा पेपरात फोटो येतो. तो फोटो मीच छापतो. पण दमसास ही बारा जणांच्या संघाची गोष्ट नाही, वर्गातल्या साठच्या साठ पोरांची आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ७८ टक्के मुलं आणि ८५ टक्के मुली तेवढंही करत नव्हत्या. भारतातही चारातले जवळपास तीन जण त्यातच.

मुलींचं वेगळं लिहितो, कारण स्वीडनच्या त्या बारा लाखांत एकही मुलगी नाही. लष्करी तपासणी मुलांचीच. पण इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलच्या परिसरात जवळपास पाच हजार मुलामुलींच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावून एक अभ्यास झाला. अकराव्या वर्षी कोण किती हलतं ते मोजलं आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत त्यांचे निकाल पाहिले. अंगमेहनतीची हालचाल जास्त, तर पुढचे निकाल बरे, आणि विज्ञानात हा संबंध मुलींमध्ये विशेष दिसला. आपल्याकडे पाळी आली, अंग भरलं की मैदान सुटलं, असा अलिखित नियम आहे. तो कुणी ठरावाने केला नाही, म्हणून कुणी हरकतही घेतली नाही.

'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीत ६०० मीटर धावण्याची वेळ नोंदवायची असते. दम मोजायची साधी, बिनखर्ची पद्धत. मागे एका शाळेत बातमीच्या निमित्ताने गेलो होतो, तिथे टेबलावर त्या नोंदींचा कागद होता. अख्ख्या वर्गाची वेळ तीन मिनिटं शून्य सेकंद. सगळी पोरं एकाच क्षणी रेषेवर पोचलेली. मी हसलो, सरही हसले, आणि मी ती बातमी केली नाही. सरांकडे तीन वर्ग, निवडणुकीची कामं, वर शालेय पोषण आहाराचा हिशोब. घड्याळ घेऊन ते कधी उभे राहणार? राग यावा असा माणूस नव्हता तो.

सकाळी साडेपाचला आमच्या बायपासवर या. पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील, पोरींसाठी ८०० मीटर, पोरांसाठी १६००. त्यांचा सराव घेणारा मुलगा ओळखीचा आहे. तो सांगतो, नवीन आलेली पोरं पहिल्या आठवड्यात चारशे मीटरला गुडघ्यावर हात टेकतात. दहावी-बारावीत कधी पळालेलीच नसतात. नोकरीला दम लागतो हे कळल्यावर ती पळायला लागतात, तेव्हा वय एकोणीस-वीस झालेलं असतं.

परवा मी शाळेत अर्ज दिला. दोन तास परत द्या, आणि त्यात रांग नको, सगळ्या वर्गाला दम लागेपर्यंत पळू द्या, खेळू द्या, दोरीवरच्या उड्या मारू द्या, मुलींनाही. माझ्याशिवाय फक्त तीन पालकांनी सह्या केल्या. एक जण म्हणाले, तुमचं पटतंय हो, पण बोर्ड झाल्यावर बघू. मुख्याध्यापक नीट बोलले. म्हणाले, सभेत एकमताने झालंय, आता बदलायचं तर परत सभा घ्यावी लागेल.

सभा शनिवारी अकरा वाजता आहे. दहावीचे पालक असाल तर या.