विद्यापीठ आणि कृष्णाकाठ

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तोवर सातारा-सांगलीची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती आणि पदव्युत्तर शिक्षण हे शेतकऱ्याच्या मुलाला दूरचे स्वप्न होते. ते अंतर या विद्यापीठाने कमी केले, ‘कमवा आणि शिका’ची कर्मवीरांची परंपरा चालविली, आणि पदार्थविज्ञानात, विशेषतः पातळ थर व फेराइट यांच्या अभ्यासात, नाव मिळविले. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीच्या दुर्मीळ वनस्पतींचा अभ्यास व जतन केले. हे श्रेय निःसंशय मोठे आहे.

परंतु ज्या जनतेच्या पैशावर विद्यापीठ उभे आहे, तिच्या प्रश्नांना संशोधनात स्थान किती? उसाला बेसुमार पाणी दिल्याने कृष्णाकाठची जमीन क्षारपड होते आणि जत-आटपाडी, माण-खटावचा शेतकरी टेंभू-म्हैसाळच्या पाण्याचा हिशेब मागतो. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगली पुरात बुडाली. दर वेळी अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद पेटतो, पण लोकांना पडताळून पाहता येईल अशी स्वतंत्र, सलग आकडेवारी हाती नसल्याने तो राजकीय आरोप-प्रत्यारोपांतच विरतो.

अशा अभ्यासाची परंपरा या भूमीला नवी नाही. धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकात येरळेकाठी तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभारताना समन्यायी पाणीवाटपाचा प्रश्न स्वतः मांडला आणि जाणकारांना आपल्या बांधावर आणले. प्रश्न लोकांचा आणि शास्त्र त्यांच्या मदतीला, असा तो क्रम होता.

आज हा क्रम उलटला आहे, आणि त्याचा दोष प्राध्यापकांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. परदेशी नियतकालिकातील निबंधाला गुण मिळतात, जतच्या विहिरींवरील मराठी अहवालाला त्या मानाने किंमत नसते. शिवाय पूर किंवा क्षारता समजण्यास दहा-दहा वर्षांची निरीक्षणे लागतात. मंजूर पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात, आणि ज्याला पुढील जूनची शाश्वती नाही तो दहा वर्षांचे काम कसे हाती घेणार? याचा अर्थ मूलभूत विज्ञान आखडते घ्यावे असा नाही. प्रयोगशाळाही हवी आणि बांधही हवा. दोहोंना लागणारा पैसा सरकारने द्यावयाचा आहे. तो नाकारून विद्यापीठांना ‘स्वावलंबी’ व्हा म्हणणे म्हणजे संशोधनाचे विषय ठरविण्याचा हक्क देणगीदार कंपन्यांच्या हवाली करणे होय.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. पाणी, जमीन आणि पूर यांच्या दीर्घकालीन अभ्यासाला स्वतंत्र अनुदान मिळावे. निष्कर्ष मराठीत छापून ग्रामसभांपुढे ठेवावेत. कृष्णेला पुन्हा पूर येईल. त्या वेळी सांगलीकरांच्या हाती केवळ आरोप असावेत की पुरावा, याचा निर्णय आजच घ्यावयाचा आहे.