ब्रेकचा नियम गॅरेजपर्यंत यावा

कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलच्या बाटलीवर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे छापलेले दिसते. 'डॉट' म्हणजे अमेरिकेचे परिवहन खाते. त्या देशाने ठरवलेली प्रतवारी आज जगभर चालते, त्यामुळे गाडी जपानी असो की भारतीय, मेस्त्रीला कोणते ऑइल घालायचे ते लगेच कळते. ब्रेकचे नियम देशोदेशी सारखे असण्याचा फायदा इतका साधा आहे.

हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. वाहनांच्या नियमांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९५८ मध्ये एक करार झाला. एका सदस्य देशाने तपासून मंजूर केलेला भाग दुसऱ्याने पुन्हा न तपासता स्वीकारावा, हे त्याचे तत्त्व. अमेरिकेची पद्धत वेगळी. तिथे सरकार आधी मंजुरी देत नाही. गाडी नियमात बसते, याची जबाबदारी कंपनीवरच असते. तरीही १९९० च्या दशकात दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी मोटारींच्या ब्रेकची चाचणी जवळ आणली. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे आणि त्यासाठी पेडलवर सुमारे ५० किलो वजनापेक्षा जास्त जोर लागता कामा नये, ही अट दोन्हीकडे सारखी झाली. भारत १९५८ च्या करारात नाही. जागतिक तांत्रिक नियम ठरवणाऱ्या १९९८ च्या करारात मात्र तो २००६ मध्ये सामील झाला.

कोल्हापूरला या विषयाशी दोन बाजूंनी देणेघेणे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रींमधून वाहन उद्योगासाठी बिडाचे ओतकाम देशात आणि परदेशात जाते. दर देशाची चाचणी वेगळी असेल तर तोच भाग पुन्हा पुन्हा तपासावा लागतो आणि तो खर्च छोट्या कारखानदाराला परवडत नाही. दुसरी बाजू घाटांची. करूळ, फोंडा, आंबा हे घाट उतरल्याशिवाय इथला माणूस कोकणात जात नाही.

घाटात ब्रेकची परीक्षा वेगळीच असते. दीड टनाची गाडी तीनशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत १३ लिटर गार पाणी उकळेल. ताशी १०० च्या वेगावरून सात-आठ वेळा करकचून थांबण्याइतके हे काम आहे. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन घेते. उरलेला डिस्क, ड्रम आणि पॅडवर येतो. पॅड फार तापले की त्याची पकड सुटते. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असतो. नवे 'डॉट ३' किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा धरलेल्यासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पाय नुसताच खाली जातो.

म्हणूनच नवी गाडी कारखान्यात चाचणी पास झाली, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. गाडी रस्त्यावर पंधरा वर्षे धावते आणि तेवढ्यात तिचे पॅड अनेकदा बदलतात. युरोपात यासाठी संयुक्त राष्ट्रांचा ९० क्रमांकाचा नियम लागू आहे. बदली पॅडची पकड मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून कमी-जास्त असता कामा नये, असे तो सांगतो. बदली डिस्कवर ती किती झिजेपर्यंत वापरायची, ती किमान जाडीही कोरावी लागते. आपल्याकडे सुट्या भागांच्या बाजारात नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत बनावट माल विकला जातो, हे कोणापासून लपलेले नाही. पॅड हातात घेऊन नुसते पाहिल्याने अस्सल आणि नकली ओळखता येत नाही. फरक कळतो तो घाटात.

जागतिक नियमांशी जुळवून घेताना सरकारने सुरुवात इथूनच करावी. बदली पॅड आणि डिस्क मूळ भागाशी तुलना करून तपासलेली असावी, तशी खूण तिच्यावर असावी आणि खुणेशिवाय विक्री होऊ नये. दर्जेदार माल करणाऱ्या इथल्या कारखानदाराचे यात नुकसान नाही. उलट स्वस्त नकली मालाशी त्याची चाललेली विषम स्पर्धा संपेल. वाहनांच्या फिटनेस तपासणीतही ब्रेक यंत्रावर मोजले जावेत, नुसते पाहून शेरा मारला जाऊ नये.

नियम येईपर्यंत गाडीवाल्यांनाही काही गोष्टी करता येतील. ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावे, पॅडचे पक्के बिल घ्यावे आणि ज्या गियरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गियरमध्ये तो उतरावा. पण बाजारातला पॅड खरा की खोटा, हे शोधण्याचे काम ग्राहकावर टाकता येणार नाही. ते सरकारचेच आहे.