एल्विस कलाकार आणि अण्णा कॉपीबहाद्दर?

सी. रामचंद्रांचं नाव काढा. आपल्याकडचा दर्दी माणूस 'अनारकली'ला गहिवरतो, 'ऐ मेरे वतन के लोगो'ला हात जोडतो आणि 'ईना मीना डिका'पाशी आला की हसून म्हणतो, "ते काय, इंग्रजीची कॉपी!" हाच माणूस वीकांताला एल्विसचा टी-शर्ट घालून फिरतो. टी-शर्टाबद्दल तक्रार नाही. त्या हसण्याचा मात्र मला भयंकर राग येतो.

रॉकबिली म्हणजे रॉक अधिक हिलबिली. हिलबिली हा अमेरिकेत डोंगराकडच्या गोऱ्या खेडुतांना हिणवायचा शब्द. आमच्या जळगाव-धुळ्याच्या पोरांची पुण्यात "काय भो" करून नक्कल होते ना, साधारण तोच प्रकार. १९५४च्या जुलैत मेंफिसमध्ये एल्विसने काय केलं? आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचं ब्लूज गाणं उचललं आणि त्यात हा खेडवळ ठेका मिसळला. म्हणजे उसनवारीच की! पण तिला आपण क्रांती म्हणतो.

आता अण्णा चितळकर बघा. जन्म १९१८, पुणतांबा. (जळगावहून मनमाड-दौंड मार्गे पुण्याला येताना कोपरगावच्या पुढे लागतं. खिडकीतून कोण बघतंय म्हणा!) विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस १९४७ साली 'शहनाई'त 'आना मेरी जान संडे के संडे' देतो, तेव्हा एल्विस बारा वर्षांचा आहे. १९५१च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट, भगवानदादांचा नाच आणि 'शोला जो भडके'त लताबाईंबरोबर चक्क अण्णांचा स्वतःचा आवाज. हे सगळं मेंफिसच्या आधी. मग १९५७ साली 'आशा'मध्ये 'ईना मीना डिका'. लहान मुलांच्या खेळातली बडबड, मधेच कोकणी शब्द, गोवेकर वादक आणि किशोरकुमार! हे मिश्रण मेंफिसमध्ये मिळालं असतं का?

'गोरे गोरे'ची चाल 'चिको चिको'वरून घेतलेली आहे, मान्य. पण त्या एका गाण्यावरून सगळ्या माणसाला चोर ठरवायचं असेल तर एल्विसलाही त्याच रांगेत उभा करा.

असो. खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याला मिश्रण चालतं, पण ते लांबचं हवं. आमच्याकडे वरातीत बँडवाला ऑर्गनवर पावरीचा सूर काढतो, वर अहिराणी गाणं, आणि आज्ज्यासुद्धा पदर खोचून नाचतात. आदिवासी वाद्याचा आवाज, इलेक्ट्रॉनिक पेटी, गावची बोली. रॉकबिलीची कृती याहून काय वेगळी होती हो? पण आमचाच इंजिनियर झालेला पोरगा पुण्यात हॉल बुक करताना म्हणतो, "बँड नको, गावठी दिसतं." आणि संगीतच्या रात्री स्टेजवर कॉलर वर करून एल्विस बनतो. :)

तिथे खुर्चीवर त्याची आजी बसलेली असते. तिला नाचायचं असतं, पण तिच्या पायाला ओळखीचा ठेकाच कोणी वाजवत नाही.