काटा गिऱ्हाईकाकडे फिरवा

भोंगवली, सारोळा, किकवी या आपल्या पट्ट्यातले बरेच सभासद उसाच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो काढतात आणि पुण्याच्या शेतकरी आठवडे बाजारात नाहीतर हमरस्त्याच्या कडेला स्वतः विकायला बसतात. २०१६ साली शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि त्याच साली पणन मंडळाचे संत सावता माळींच्या नावाचे आठवडे बाजार अभियान सुरू झाले. वाट मोकळी झाली, परंतु पालावर गिऱ्हाईक थांबत नाही अशी तक्रार आहे.

ही तक्रार हलकी धरू नये. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. कायद्याप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायचे, हे धरले तरी मधल्या दीड वर्षात पोरांची फी, दवाखाना, खतवाल्याची उधारी थोडीच थांबते? हा वरखर्च भाजीवर निघतो. दुपारी उरलेला माल पडेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या टेम्पोत टाकावा लागला, तर घरच्या बाईची आठवड्याची मेहनत गेली.

यावर हल्ली जो तो रंगीत छत आणि मोठा फलक करून घ्या म्हणून सांगतो. करा, सावली तर हवीच. पण आमचे मत असे की, त्याआधी काटा गिऱ्हाईकाकडे फिरवा. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपली गाडी चढली की आपण आकडा स्वतः वाचतो, पावती हातात पडल्याशिवाय हलत नाही. काट्याविषयी जरा कुजबूज झाली की वार्षिक सभेत माईक धरतो, आणि ते योग्यच आहे. मग तोच सभासद बाजारात काटा स्वतःच्या पोटाकडे वळवून का बसतो? समोरच्या ताईला आकडा दिसत नाही. ती बोलत नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जाते, एवढेच. इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का दर वर्षी लागतो. तो घ्यावा, आणि दिसेल असा ठेवावा.

दुसरे, भाव लिहून लावा. शहरातली पुष्कळ माणसे भाव विचारायला बिचकतात. विचारले आणि घेतले नाही तर बरे दिसणार नाही, असे त्यांना वाटते. पाटीवर पाव किलोचा, किलोचा, गड्डीचा भाव ठळक आकड्यात असला की ती आपणहून पुढे येतात. मात्र पाटीवर एक आणि तोंडी एक, असे नको. बाराच्या पुढे ओरडून भाव पाडायची सवयही वाईट. आपणच गिऱ्हाईकाला शिकवतो की लवकर येऊ नका, दुपारी या. त्यापेक्षा माल बेताने न्यावा.

आता जरा कडू बोलतो. आपल्या फलकावर ‘थेट शेतातून’ असे लिहिलेले, आणि पहाटे गुलटेकडीहून उचललेला माल त्याखाली मांडलेला, हे काही ठिकाणी चालते. आंध्र प्रदेशात १९९९ साली रयतु बाजार निघाले, तेव्हा तिथे शेतकऱ्याला फोटोचे ओळखपत्र देण्याची पद्धत ठेवली, ती याचसाठी. व्यापारी शेतकऱ्याच्या नावाने बसू नये. आपल्याकडे तर शेतकरीच व्यापाऱ्याचा माल घेऊन बसू लागला, तर ओळखपत्र तरी काय करील? जे आपल्या रानात नाही ते नाही म्हणून सांगावे. तांदळाचेही तसेच. इंद्रायणी हे आंबेमोहोरापासून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निघालेले वाण. भोरच्या पश्चिम खोऱ्यात ते चांगले येते. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा शिजतो. विकणारीने हे दोन शब्द बोलून दाखवले तर पिशवी जाते. नाहीतर गिऱ्हाईक घरी भात चिकट झाला म्हणून आपल्यालाच नावे ठेवते!

आता खरी अडचण. एका घराने मेथीच्या तीनशे गड्ड्या नेल्या, शेजारच्या पालावरही मेथीच. बाईमाणसाला एका जागी मिरची, कोथिंबीर, कांदा, टोमॅटो, पालेभाजी हवी असते. एका घराला हे जमणार नाही, पाच घरांना जमेल. लावणीच्या वेळीच कोणी काय करायचे ते वाटून घ्यावे, आणि एकच पाल, तीच जागा, तोच वार धरावा. सहकार आपल्याला नवा नाही. पण भाजीच्या बाबतीत प्रत्येक जण सवता सुभा करतो, याचे नवल वाटते. भांडण होते ते हिशेबावरून. म्हणून निघताना प्रत्येक घराचे क्रेट मोजून वहीत लिहावेत, उरलेला माल परत येताना पुन्हा लिहावा. मोबाईलवर आलेले पैसे एकाच्या खात्यात पडतात, तेव्हा रोकड आणि खाते त्याच संध्याकाळी सगळ्यांदेखत जुळवावे. दुसऱ्या दिवसावर टाकले की संशय शिरलाच.

पालेभाजी आदल्या संध्याकाळी उन्हे उतरल्यावर काढावी, ओल्या पोत्याखाली न्यावी. किडके, दबलेले घरीच निवडून टाकावे. वरती चांगला आणि खाली फुटका टोमॅटो भरला तर तो एकदाच खपतो. पालावर बसायला शक्यतो घरातली बाई असावी, कारण घेवडा कोवळा की जून, रस्सा कशाचा होईल, हे तिला सांगता येते. बाप्याला विचारलं तर तो म्हणतो, “ताजं हाय, घ्या.”

गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी, भरणी, वाहतूक यांत घरटी माणूस गुंतलेला असतो, आणि नेमके तेव्हाच भाजीचे दिवस असतात. म्हणून ज्या घरांना एकत्र यायचे आहे त्यांनी दसऱ्याआधीच एका जागी बसून कोणत्या वारी कोणाची पाळी, टेम्पो कोणाचा, भाडे कसे वाटायचे, हे कागदावर उतरवून घ्यावे.